डॉक्टर नॉर्डाऊंची केस

‘हिंद स्वराज’च्या शेवटी गांधीजींनी पुस्तकांची एक यादी जोडली आहे. बहुतेक वाचक तिथवर पोचत नाहीत. पोचले तरी टॉल्स्टॉय, रस्किन, थोरो ही अपेक्षित नावं दिसली की पान मिटतात. त्या वीसेक पुस्तकांत एकट्या टॉल्स्टॉयची सहा आहेत. मॅझिनी आहे, प्लेटो आहे, दादाभाई आणि रमेशचंद्र दत्त आहेत. आणि प्लेटो नि दादाभाई यांच्या मधे मॅक्स नॉर्डाऊ नावाच्या गृहस्थांचं एक पुस्तक आहे : ‘पॅरॅडॉक्सेस ऑफ सिव्हिलायझेशन’.

यातली गंमत अशी, की याच नॉर्डाऊंनी आपल्या सर्वांत गाजलेल्या ग्रंथात टॉल्स्टॉयला सरळ मनोरुग्णांच्या रांगेत बसवलं होतं. गांधीजींच्या यादीत मात्र दोघं गुण्यागोविंदाने नांदताहेत.

मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर. अधूनमधून लिहायची खाजही आहे. त्यामुळे दवाखाना आणि वर्तमानपत्र अशी दोन दुकानं एकाच वेळी चालवणारा कुणी दिसला की मी जरा थांबतो. नॉर्डाऊंपाशी नुसता थांबलो नाही, अडकलो. हा माणूस मला अर्धा मनापासून पटतो आणि उरलेल्या अर्ध्याची भीती वाटते. दोन्ही अर्ध्यांच्या मुळाशी त्यांची डॉक्टरकीच आहे, म्हणून हा लेख.

२९ जुलै १८४९ रोजी हंगेरीतल्या पेस्टमध्ये त्यांचा जन्म झाला. बुडा आणि पेस्ट ही तेव्हा अजून वेगवेगळी गावं होती. पाळण्यातलं नाव झिमॉन मॅक्सिमिलियन झ्यूडफेल्ड. वडील गाब्रिएल हिब्रूचे पंडित, कवी आणि कर्मठ ज्यू. मुलाने विशीच्या आतच धर्माचार सोडला, जर्मन भाषेत वर्तमानपत्रांसाठी लिहायला लागला आणि १८७३च्या सुमारास आडनावही टाकून दिलं. झ्यूडफेल्ड म्हणजे दक्षिणेकडचं शेत, नॉर्डाऊ म्हणजे उत्तरेकडचं कुरण. आडनाव बदलून वेगळा माणूस होऊ पाहण्याची ही धडपड मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही.

त्याच १८७३ साली व्हिएन्नात जागतिक प्रदर्शन भरलं. ‘पेस्टर लॉइड’ या पत्राने या तरुणाला तिथे बातमीदार म्हणून पाठवलं. म्हणजे आधी पत्रकार, मग डॉक्टर. काही वर्षं युरोपभर भटकंती, बुडापेस्टमध्ये थोडी प्रॅक्टिस, आणि १८८०मध्ये कायमचं पॅरिस. तिथे साल्पेत्रिएर इस्पितळात शार्को हे मज्जाविकारतज्ज्ञ हिस्टेरियाच्या पेशंटना भरल्या सभागृहात उभं करून व्याख्यानं देत होते. नॉर्डाऊ त्यांच्या प्रभावळीतले. १८८२मध्ये पॅरिसला त्यांनी जो प्रबंध दिला तो स्त्रियांची अंडाशयं काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेवर होता. हिस्टेरिया बरा व्हावा म्हणून चांगल्या धडधाकट बायकांवर ही शस्त्रक्रिया करण्याची तेव्हा टूम होती. त्या काळचं वैद्यक किती आत्मविश्वासाने काय काय कापत होतं, हे लक्षात ठेवलं म्हणजे पुढचं नवल वाटत नाही.

पॅरिसला स्त्रीरोगांची आणि मज्जाविकारांची प्रॅक्टिस, आणि तिथूनच बर्लिनच्या ‘फोसिशे त्साइटुंग’ला वार्तापत्रं. १८८३मध्ये त्यांनी सुधारलेल्या समाजाच्या रूढ असत्यांवर एक पुस्तक लिहिलं. धर्म, राजेशाही, राजकारण, अर्थकारण, लग्न, सगळं खोटं आणि सगळ्यांना ते ठाऊक आहे, असा एकूण सूर. ऑस्ट्रियात ते जप्त झालं. जप्त झालेल्या पुस्तकाचं जे होतं तेच याचंही झालं : युरोपभर आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

खरी केस इथून पुढे.

१८९२ आणि १८९३मध्ये दोन खंडांत ‘एन्टार्टुंग’ आलं. एन्टार्टुंग म्हणजे अधःपतन, वंशाचा कस उतरणं. अर्पणपत्रिका चेझारे लोम्ब्रोसोंना, म्हणजे कवटी आणि कानाच्या पाळीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखणाऱ्या इटालियन डॉक्टरांना. मोरेल या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने १८५७मध्ये मांडलेला सिद्धांत असा होता, की काही कुळांमध्ये बिघाड पिढी दर पिढी वाढत जातो आणि त्याच्या खुणा शरीरावर उमटतात. नॉर्डाऊंनी पुढचं पाऊल टाकलं. खुणा शरीरावर असतात तशा कवितेतही असतात, चित्रातही असतात. तेव्हा लेखक-चित्रकाराला तपासायची गरजच काय, त्याची कृती तपासा! मग वाग्नर, नीत्शे, इब्सेन, झोला, वेर्लेन, टॉल्स्टॉय, ऑस्कर वाइल्ड असे एकेक जण ओळीने केसपेपरवर चढले.

इंग्रजी भाषांतरातून हा ग्रंथ वाचताना मी पेन्सिल घेऊन बसलो होतो. समासात एकच खूण पुन्हा पुन्हा झाली : ‘पेशंट पाहिला का?’ इम्प्रेशनिस्ट चित्रकारांची चित्रं थरथरती का दिसतात? नॉर्डाऊंचं उत्तर : त्यांना निस्टॅगमस आहे, त्यांचे नेत्रगोल स्थिर राहत नाहीत. आता निस्टॅगमस बघायचा तर आम्ही पेशंटला समोर बसवतो, बोट डावीउजवीकडे नेतो, डोळा कुठे हिसके देतो ते पाहतो. नॉर्डाऊंपुढे डोळा नव्हता, कॅनव्हास होता. वेर्लेनची कवटी वाकडी आहे, हे त्यांनी त्याच्या चित्रावरून ठरवलं. एक शब्द पुन्हा पुन्हा आला की तो रोग्याची बडबड. गूढ काही आलं की मेंदूचा थकवा. आमच्यातही असे डॉक्टर असतात. पेशंट दारातून आत येईपर्यंत यांचं प्रिस्क्रिप्शन लिहून तयार.

बर्नार्ड शॉने १८९५मध्ये या पुस्तकाचा सविस्तर समाचार घेतला आणि अनेकांच्या मते नॉर्डाऊ तिथेच संपले. मला तसं म्हणवत नाही, कारण या जाडजूड अन्यायी ग्रंथाच्या शेवटी शेवटी एक जागा आहे. रेल्वे, तार, टपाल आणि वर्तमानपत्रं यांनी माणसाच्या मज्जासंस्थेवर अचानक इतका ताण आणला की एक पिढीच दमून गेली, हे त्यांचं रोगकारण. (वर्तमानपत्रांचा ताण मोजणारा माणूस स्वतः वर्तमानपत्रांवर पोट भरत होता, हे जाता जाता.) आणि पुढचा अंदाज असा : विसाव्या शतकाच्या अखेरीस कदाचित अशी पिढी निपजेल जिला रोज डझनभर चौरस यार्ड वर्तमानपत्र वाचून काही होणार नाही, जिला सतत टेलिफोनवर बोलावणं येईल, जी एकाच वेळी पाची खंडांचा विचार करेल, अर्धं आयुष्य आगगाडीत नाही तर उडत्या यंत्रात काढेल आणि दहा हजार ओळखीपाळखीच्यांची मर्जी सांभाळेल. दहा हजार! हे वाचून मी खिशातला फोन बाहेर काढला, पाहिला, परत ठेवला. ज्याची उदाहरणं जवळपास सगळी चुकली त्याचा अंदाज इतका बरोबर यावा, याचा मला थोडा रागच आला.

या ग्रंथाचा सर्वांत विचित्र उपयोग ऑस्कर वाइल्डने केला. १८९५च्या मे महिन्यात वाइल्डला समलिंगी संबंधांबद्दल दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. २ जुलै १८९६ रोजी त्याने रेडिंगच्या तुरुंगातून गृहमंत्र्यांना अर्ज लिहिला. म्हणणं असं, की आपल्याकडून घडलं तो गुन्हा नव्हे, आजार आहे. न्यायाधीशाने शिक्षा द्यायची ही गोष्ट नाही, वैद्याने उपचार करायची आहे. दाखला कुणाचा? लोम्ब्रोसोंचा आणि नॉर्डाऊंचा. नॉर्डाऊंनी तर नमुना म्हणून एक अख्खं प्रकरण माझ्यावरच खर्ची घातलंय, असंही त्याने लिहिलं. ज्या पुस्तकाने भर चौकात त्याला रोगी ठरवून हिणवलं, तेच पुस्तक त्याला सुटकेसाठी पुढे करावं लागलं. मी आजवर किती सर्टिफिकिटं लिहिली असतील, देव जाणे. कुणाला रजा हवी, कुणाला बदली टाळायची, कुणाला कोर्टाची तारीख पुढे ढकलायची. आपल्या सहीच्या कागदाला बाहेरच्या जगात काय वजन आहे, हे डॉक्टरला समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर कळतं. वाइल्डच्या अर्जाने काही साधलं नाही. शिक्षा पुरी भोगून तो १८९७च्या मे महिन्यात बाहेर आला.

त्याच १८९७च्या ऑगस्टमध्ये नॉर्डाऊ स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला भाषणाला उभे राहिले, आणि तिथे मला दुसराच डॉक्टर दिसतो.

मधल्या काळात पॅरिसमध्ये ड्रेफस या देशद्रोहाच्या खोट्या आरोपात अडकवलेल्या ज्यू लष्करी अधिकाऱ्याचं प्रकरण झालं होतं. ५ जानेवारी १८९५ रोजी एकोल मिलितेर या लष्करी शाळेच्या पटांगणात कॅप्टन ड्रेफसच्या गणवेशावरच्या पट्ट्या तोडल्या गेल्या, तलवार मोडली गेली आणि बाहेरच्या गर्दीने ज्यूंच्या नावाने आरोळ्या ठोकल्या. ज्या फ्रान्सला बुद्धिवादाचं माहेर समजून नॉर्डाऊ येऊन राहिले होते, तो हा फ्रान्स. थिओडोर हर्झल तेव्हा व्हिएन्नाच्या एका मोठ्या पत्राचे पॅरिसमधले बातमीदार. तेही पेस्टचेच, तेही जर्मनमध्ये लिहिणारे, नॉर्डाऊंहून अकरा वर्षांनी लहान. ज्यूंचं स्वतंत्र राष्ट्र ही कल्पना हर्झलच्या डोक्यात भिनली तेव्हा याचं डोकं फिरलं, असं त्यांच्या एका मित्राला वाटलं. हर्झल नॉर्डाऊंकडे गेले. एक तर स्नेही, शिवाय वेडाचे जाणकार. हकीकत अशी सांगतात, की सगळं ऐकून घेतल्यावर नॉर्डाऊ म्हणाले, तुम्ही वेडे असाल तर मीही तुमच्याबरोबर वेडा. शब्द असेच होते की पुढे कुणी घासूनपुसून घेतले, ते सोडून देऊ. नोव्हेंबर १८९५मध्ये ते हर्झलच्या बाजूला आले आणि शेवटपर्यंत राहिले, हे नक्की. टॉल्स्टॉयसुद्धा ज्यांच्या तपासणीतून सुटला नाही, त्यांनी एवढ्या अचाट कल्पनेवर मात्र रोगाचं नाव लिहिलं नाही.

बाझेलच्या कॅसिनोच्या सभागृहात २९ ऑगस्टला पहिली झायनिस्ट काँग्रेस, म्हणजे ज्यू राष्ट्राच्या चळवळीचं अधिवेशन, भरली. दोनशेच्या आसपास प्रतिनिधी होते. हर्झलनी सगळ्यांना काळा फ्रॅककोट आणि पांढरा टाय सक्तीचा केला होता. जगाने आपल्याला फेरीवाले समजू नये, राष्ट्राचे प्रतिनिधी समजावं म्हणून. नॉर्डाऊ आले ते साधा लांब कोट घालून, आणि बदलायला साफ नकार. हर्झलनी त्यांना बाजूला घेतलं, माझ्यासाठी म्हणून करा अशी गळ घातली, आणि ते मानले तशी कृतज्ञतेने मिठी मारली. पंधरा मिनिटांत स्वारी कपडे बदलून हजर. हे हर्झलच्या रोजनिशीत आहे. समाजाच्या रूढ असत्यांवर पुस्तक लिहिणारा माणूस टाय बांधायला हॉटेलवर परत गेला, हे चित्र मला फार आवडतं.

मग त्यांनी जगभरच्या ज्यूंच्या स्थितीवर भाषण केलं. माझ्या मते नॉर्डाऊंनी लिहिल्या-बोलल्यातलं सगळ्यात चांगलं ते हेच, कारण इथे ते निदानाची घाई करत नाहीत. आधी हिस्ट्री घेतात. दुःख दोन प्रकारचं आहे, असं ते म्हणाले. पूर्व युरोपात, उत्तर आफ्रिकेत, पश्चिम आशियात ते पोटाचं आहे. सकाळी उठून घराबाहेर पडायचं आणि कुठून तरी चार पैसे हाती लागतील अशा आशेवर दिवस काढायचा, अशी तिथली लाखो माणसं. ‘हवेवर जगणारी माणसं’ हा शब्दप्रयोग नॉर्डाऊंनीच रूढ केला. पश्चिमेत पोटाला कमी नाही, तिथे दुःख मानाचं आहे. आणि इथे ते १७९१पाशी जातात. फ्रान्सने ज्यूंना नागरिक केलं ते कुणाच्या मनात त्यांच्याबद्दल प्रेम दाटून आलं म्हणून नव्हे. क्रांतीने माणसाचे हक्क जाहीर केले, ज्यू हा माणूस आहे, म्हणून ज्यूला हक्क. भूमितीतलं प्रमेय सोडवावं तसा हा न्याय. प्रमेय बरोबर होतं, पण लोकांची मनं तिथवर आली नव्हती. बाकीच्या देशांनी फ्रान्सची नक्कल केली. ज्यू मात्र कायदा वाचून भुलला. घेट्टोत, ज्यूंसाठी आखून दिलेल्या वस्तीत, तो कोंडलेला होता, पण तिथे शेजारी होते, त्यांच्यात मान होता, चांगलं-वाईट ठरवणारी स्वतःची माणसं होती. ती चौकट त्याने आपणहून मोडली, बाहेर आला, आणि बाहेरच्यांनी त्याला बसायला पाट दिला नाही. आता तो स्वतःपाशीही परका आणि त्यांच्यापाशीही.

झ्यूडफेल्डचा नॉर्डाऊ झालेला माणूस हे बोलत होता. सभागृहात त्या दिवशी त्यांनी जो पेशंट उभा केला, तो आरशातला होता, असं मला वाटतं. काँग्रेसचा ठराव ज्या समितीने लिहिला तिचे प्रमुखही तेच. ‘पॅलेस्टाईनमध्ये ज्यू लोकांसाठी सार्वजनिक कायद्याने सुरक्षित असं घर’ ही त्यातली मागणी. राज्य न म्हणता घर म्हटलं, तुर्की सुलतान बिथरू नये म्हणून. त्या घराच्या जागी आधीपासून अरब राहत होते, आणि बाझेलच्या कार्यक्रमात त्यांच्याबद्दल अक्षर नाही. दुखण्याची हिस्ट्री इतकी बारकाईने घेतली. औषध जिथे द्यायचं तिथल्या माणसांची कुणी विचारपूस केली नाही. त्याची किंमत आजच्या बातम्यांत रोज दिसते.

पुढच्याच वर्षी, १८९८च्या काँग्रेसमध्ये, जुना डॉक्टर परत आला. आपल्याला पुन्हा पिळदार ज्यू घडवले पाहिजेत, असं नॉर्डाऊ म्हणाले. १९००मध्ये ज्यूंच्या व्यायामविषयक मासिकात त्यांनी ते सविस्तर मांडलं : अरुंद गल्ल्यांत आपले हातपाय हालचाल विसरले, अंधाऱ्या घरांत डोळे मिचमिचे झाले, सततच्या छळाच्या भीतीने आवाज कुजबुजीवर आला. हे वर्णन करुणेने केलंय, ते मला दिसतं. पण त्यातला वाकलेला, भित्रा ज्यू हा ज्यूद्वेष्ट्यांच्या व्यंगचित्रातलाच आहे, हेही दिसतं. शत्रूने केलेलं निदान नॉर्डाऊंनी मान्य केलं आणि फक्त औषध आपलं सुचवलं. बर्लिनमध्ये १८९८ सालीच बार कोखबा नावाचा ज्यूंचा व्यायामसंघ निघाला होता. पुढे व्हिएन्नाच्या हाकोआह या ज्यू क्लबने १९२५मध्ये ऑस्ट्रियाची फुटबॉल लीग जिंकली. खेळाचं चांगलंच झालं. निदानाबद्दलची माझी तक्रार कायम आहे.

ती कायम असण्याचं एक कारण आमच्या जिल्ह्यातलं आहे. कोकणच्या किनाऱ्यावर, नौगाव-अलिबागच्या परिसरात, शेकडो वर्षं बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, राहत आले. घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. घेट्टो म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या पलटणींमध्ये त्यांच्यातले कितीतरी सुभेदार झाले. मुंबईत मांडवीचं १७९६चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकरांनी, टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या एका लष्करी अंमलदाराने. त्या लोकांना दंड पिळदार करायचा उपदेश करायला नॉर्डाऊ आले असते तर सुभेदारसाहेबांनी काय म्हटलं असतं, याची कल्पना करून मी एकटाच हसतो.

बाझेलच्या पहिल्या काँग्रेसचं आमंत्रण मुंबईच्या बेने इस्राएलांनाही आलं होतं. समाजाने नाकारलं. सियोनला, म्हणजे जेरुसलेमच्या पवित्र भूमीला, परत नेणं हे ईश्वराचं काम आहे, आपण त्याची वाट पाहू, असं उत्तर गेलं. तेव्हा मुंबईत प्लेग होता. मूळचा ओडेसाचा वाल्डेमार हाफकिन हा ज्यू शास्त्रज्ञ त्याच वर्षीच्या जानेवारीत भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात स्वतःच्या अंगावर प्लेगची लस टोचून घेत होता.

नॉर्डाऊंचं पुढचं आयुष्य लवकर सांगून टाकतो. १९०३मध्ये रशियन साम्राज्यातल्या किशिनेवमध्ये झालेल्या ज्यूंच्या कत्तलीनंतर ब्रिटिशांनी ज्यूंना पूर्व आफ्रिकेत जागा देऊ केली. नॉर्डाऊंच्या मनाला ते पटलं नव्हतं, पण हर्झलच्या शब्दाखातर ते व्यासपीठावर उभे राहिले आणि ‘रात्रीपुरता निवारा’ म्हणून त्याची बाजू मांडली. १९ डिसेंबरला पॅरिसमध्ये हनुक्का या ज्यू सणाच्या समारंभात एका रशियन ज्यू विद्यार्थ्याने ‘आफ्रिकावाल्या नॉर्डाऊला मरण’ असं ओरडत त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. ते वाचले. ज्या मताचे ते मनातून नव्हतेच, त्या मतापायी मरता मरता वाचले. हर्झल १९०४मध्ये गेले. संघटनेचं अध्यक्षपद नॉर्डाऊंनी घेतलं नाही. काँग्रेसच्या अधिवेशनांचे अध्यक्ष मात्र १९११पर्यंत तेच होते. महायुद्ध सुरू झालं तसे जन्माने ऑस्ट्रो-हंगेरियन म्हणून ते फ्रान्सला शत्रुपक्षाचे ठरले आणि माद्रिदला जाऊन राहिले. चौतीस वर्षं पॅरिसमध्ये काढल्यावर! युद्धानंतर पूर्व युरोपातले पाचसहा लाख ज्यू तातडीने पॅलेस्टाईनला हलवा, असा त्यांनी धोशा लावला. म्हातारा भ्रमिष्ट झाला, असं पुढाऱ्यांना वाटलं. जानेवारी १९२३मध्ये ते पॅरिसला वारले; १९२६मध्ये देह तेल अवीवला नेऊन पुरला. वीस वर्षांनी युरोपचं काय झालेलं होतं ते पाहता त्या धोशाला भ्रम म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मात्र त्यांचा दुसरा शब्द त्याच्या आधीच परत आला होता. जुलै १९३७मध्ये म्युनिकला नाझींनी आधुनिक चित्र-शिल्पांचं प्रदर्शन भरवलं, लोकांनी येऊन थुंकावं म्हणून. नाव : ‘एन्टार्टेटे कुन्स्ट’, कस उतरलेली कला. वीस लाखांवर माणसं बघून गेली. चित्रकार रोगी आहेत, हे भिंतींवर लिहून ठेवलेलंच होतं. ज्या ज्यू डॉक्टरने हा शब्द कलेच्या अंगावर पहिल्यांदा इतक्या जोरात फेकला, त्यांचं नाव घ्यायची सोय नव्हती. त्यांची एकुलती मुलगी माक्सा तेव्हा चाळिशीची होती, आणि ती चित्रकार होती.

इकडे १९४८नंतर कोकण-मुंबईचे बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. ईश्वराची वाट पाहू म्हणणाऱ्यांची नातवंडं-पतवंडं. तिथे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं, की यांच्यापैकी कुणाचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा. मराठी बोलणारे ज्यू उपोषणाला आणि निदर्शनांना बसले. १९६४मध्ये संसदेत ठराव झाला, धर्मपीठाने फर्मानातून बेने इस्राएलांचं नाव काढलं, आणि कागदावर ते सर्वार्थाने ज्यू ठरले. त्यांच्यातल्या लिहित्या लोकांनी पुढे तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. त्यात पाककृती असतात, लग्नाच्या बातम्या असतात, कोकणातल्या आठवणी असतात.